नंबर तोच, पण इंजिन तेच का? रिबिल्ट डिझेल इंजिनाचा माग काढताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरच्या एका तरुणाचे आजोबा ताप्ती लाइनवर, म्हणजे उधना-जळगाव मार्गावर, मालगाडीचे ड्रायव्हर होते. घरात १९८६ च्या सुमाराचा एक फोटो आहे. नंदुरबारच्या यार्डात डब्ल्यूडीएम-२ या वर्गाच्या डिझेल इंजिनासमोर आजोबा उभे आहेत आणि इंजिनावर १७ हजारांच्या मालिकेतला नंबर दिसतो. २००९ मध्ये त्याच नंबराचं इंजिन जळगावला मालगाडीवर दिसलं, पण नंबराच्या शेवटी 'आर' लावलेला, वर्ग डब्ल्यूडीएम-३ए लिहिलेला आणि तोंडावळाही वेगळा. हे आजोबांचंच इंजिन का? मधला इतिहास कसा शोधायचा, आणि आता ते कुठं असेल?

भाऊ, सरळ उत्तर आधी देतो. रेल्वेच्या दफ्तरी ते तेच इंजिन आहे. लोखंड म्हणून विचाराल तर अंडरफ्रेम, म्हणजे ज्यावर सगळं उभं असतं तो खालचा सांगाडा, तीच आणि बाकी बहुतेक सगळं नंतरचं. माझी नोकरी डिझेल शेडमध्ये गेली. रिबिल्ट होऊन आलेली इंजिनं तपासून ताब्यात घेणं हा त्या नोकरीचा मोठा भाग होता. इतिहास शोधणारी मंडळी नेमकी कुठं घसरतात ते म्हणूनच मला माहीत आहे. सुरुवात नंबराच्या मागावर होते, मध्येच ती यंत्राच्या मागावर जातात, आणि दोन-तीन इंजिनांच्या हकिगती एकात मिसळून बसतात. म्हणून पहिल्यापासून ठरवून टाका की आपण अंडरफ्रेमचा आणि तिला चिकटलेल्या नंबराचा इतिहास लिहितो आहोत.

डब्ल्यूडीएम-२ हे मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तयार होऊन आली आणि त्यांचे नंबर १८०४० पासून सुरू झाले. १९६४ पासून ती वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये, म्हणजे डीएलडब्ल्यूत, बनायला लागली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. १८ हजारांनंतर १७ हजारांची आणि मग १६ हजारांची मालिका आली. यात एक खाच आहे. १७००० ते १७०९९ हे नंबर डब्ल्यूडीएम-२ चे नाहीत. ती १९५७ पासून आलेली डब्ल्यूडीएम-१ इंजिनं, अल्कोचीच पण १२ सिलिंडरची. फोटोत नंबराचा तिसरा आकडा पुसट असेल तर भिंग लावून नीट बघा, कारण त्या एका आकड्यावर सगळी जात बदलते.

तुमच्या आजोबांच्या हाताखालचं इंजिन असं होतं: १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, वजन सुमारे ११३ टन, सहा धुऱ्यांना चाकं फिरवणाऱ्या सहा ट्रॅक्शन मोटर. डिझेल इंजिन डीसी जनरेटर फिरवायचं आणि त्या विजेवर मोटर चालायच्या. चढावर नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवताना सिलिंडरमध्ये हवा कोंबणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला क्षणभर उशीर व्हायचा. तेवढ्यात सिलिंडरमध्ये डिझेल जास्त आणि हवा कमी पडायची, म्हणून अल्कोच्या नळकांड्यातून तो काळा लोट निघायचा. धूर पांढरा किंवा निळसर दिसला तर आम्हाला काळजी वाटायची. नॉच टाकताना येणारा काळा धूर रोजचाच होता.

अशा इंजिनाचं आयुष्य रेल्वेनं ३६ वर्षं धरलेलं. दर काही वर्षांनी पीओएच, म्हणजे पूर्ण ओव्हरहॉल, आणि १८ वर्षांच्या आसपास अर्ध्या वाटेवर रिबिल्डिंग. हे दोन्ही एक नव्हेत. पीओएचमध्ये इंजिन खोललं जातं, झिजलेलं बदललं जातं आणि ते होतं तसंच परत येतं. हे काम परळ, अजमेर, लखनौचं चारबाग, तिरुचिरापल्लीचं गोल्डन रॉक अशा कारखान्यांत व्हायचं. रिबिल्डिंग मात्र पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात. तिथून इंजिन बाहेर पडायचं ते बदलूनच.

पतियाळात नेमकं काय होतं ते कळलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. इंजिन आत गेलं की त्याचं सगळं उतरवतात: हूड म्हणजे वरचं पत्र्याचं आवरण, कॅब म्हणजे ड्रायव्हरची खोली, डिझेल इंजिन, जनरेटर, चाकांच्या बोगी, शेवटच्या तारेपर्यंतचं वायरिंग. उरते ती उघडी अंडरफ्रेम. तिच्यावरचा जुना रंग आणि गंज घासून काढतात, वेल्डिंगच्या जोडांना कुठं चीर गेली आहे का ते तपासतात, वाक मोजतात आणि दुरुस्त करतात. मग त्याच फ्रेमवर नवं घर उभं राहतं. बोगीच्या फ्रेमही दुरुस्त होऊन परत वापरल्या जातात, पण त्याच इंजिनाला त्याच बोगी मिळतील याची खात्री कुणी देत नाही. इंजिनाचा ब्लॉक मशिनिंग करून पुन्हा कामात घेतात, तोही कुठल्या इंजिनाचा कुठं जाईल सांगता येत नाही. शेवटी लोड बॉक्सवर, म्हणजे खोटा भार देणाऱ्या यंत्रावर, ताकद मोजून इंजिन बाहेर.

आतला सर्वांत मोठा बदल जनरेटरचा. डीसी जनरेटरला कम्युटेटर आणि कार्बन ब्रश असतात. भार वाढला की ठिणग्या उडतात, वेळी फ्लॅशओव्हर, म्हणजे आतल्या आत मोठा भडका, होतो आणि मालगाडी ब्लॉक सेक्शनमध्ये उभी राहते. ३१०० हॉर्सपॉवर घ्यायची तर तो जनरेटर काढून अल्टरनेटर बसवणं भाग होतं. अल्टरनेटरची एसी वीज रेक्टिफायरमधून डीसी करून त्याच जातीच्या ट्रॅक्शन मोटरना द्यायची. सोबत जास्त कार्यक्षम टर्बो आला आणि फिरण्याचा कमाल वेग मिनिटाला १००० वरून १०५० झाला. २६०० ची ३१०० झाली ती अशी. तुम्हाला जळगावला इंजिन 'वेगळं' वाटलं ते दिसण्यापुरतं नव्हतं. आवाजही वेगळा असणार, कारण टर्बोची शीळ बदललेली असते.

आता त्या 'आर' बद्दल. तो रिबिल्टचा आर. त्याचा अर्थ एवढाच की या फ्रेमचं रिबिल्डिंग झालं आहे. हॉर्सपॉवर वाढलीच असं त्यावरून म्हणता येत नाही. आधीच्या काळात रिबिल्ट झालेली काही इंजिनं २६०० चीच, डब्ल्यूडीएम-२ च राहिली. उलट शेडमध्ये रंगकाम करताना हा आर गळूनही जायचा, कारण पेंटरच्या पट्टीत तो नसायचा. म्हणून २००९ चा आर तुम्हाला दिसला हे नशीब समजा. पण कुठल्या जुन्या फोटोत आर नाही म्हणून 'तोवर रिबिल्ट झालं नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका.

वर्गाच्या नावात तर याहून मोठा खड्डा आहे. ३१०० हॉर्सपॉवरचं पहिलं इंजिन १९९४ मध्ये आलं तेव्हा त्याला डब्ल्यूडीएम-२सी म्हणायचे. पुढं हॉर्सपॉवरवरून नाव द्यायची पद्धत आली. आकडा हजारांचा आणि अक्षर शेकड्याचं, म्हणून ३ए म्हणजे ३१००. त्यात २सी चं ३ए झालं. मालगाडीचं खास इंजिन डब्ल्यूडीजी-२, जे १९९५ पासून आलं, त्याचं डब्ल्यूडीजी-३ए झालं. एका कागदावर २सी आणि दुसऱ्यावर ३ए दिसलं तर मधे काही रिबिल्डिंग झालं असं समजायचं नाही, फक्त पाटी बदलली. तसंच डब्ल्यूडीएम-२ए. मूळ व्हॅक्यूम ब्रेकच्या इंजिनाला एअर ब्रेक बसवले की ते २ए. तेही रिबिल्ट नव्हे. नाव बदलणं, ब्रेक बदलणं आणि फ्रेमपासून नव्यानं बांधणं या तीन घटना तुमच्या वहीत तीन वेगळ्या ओळींत लिहा.

फोटोकडे वळू. १९८६ चा फोटो हा तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे, आणि लोक तो फार वरवर बघतात. आजोबांच्या चेहऱ्यावरून नजर खाली आणा, बफरच्या पातळीला. तिथं जाड, वळ्यावळ्यांची नळी लोंबत असेल तर ती व्हॅक्यूमची. बारीक रबरी नळ्या आणि त्यांच्या तोंडाशी धातूची पकड असेल तर एअर ब्रेकच्या. दोन्ही असतील तर इंजिन दोन्ही जातीच्या गाड्या ओढत होतं. १९८० च्या दशकात ताप्ती लाइनवर हा काळ ऐन संक्रमणाचा. जुन्या व्हॅक्यूमच्या वाघिणी होत्याच आणि एअर ब्रेकच्या बॉक्सएन वाघिणीही यायला लागल्या होत्या. त्या नळ्यांवरून फोटोचं वर्ष पक्कं करायला मदत होते आणि त्या वेळी इंजिन २ होतं की २ए तेही कळतं. २००९ च्या इंजिनावर ती जाड नळी बहुधा दिसणार नाही. नुसत्या एअर ब्रेकच्या इंजिनात व्हॅक्यूम ओढणारा एक्झॉस्टरच लागत नाही, म्हणून एक्झॉस्टर आणि कॉम्प्रेसर एकत्र असलेला जुना एक्सप्रेसर जाऊन नुसता कॉम्प्रेसर येतो.

मग बघा शॉर्ट हूड, म्हणजे कॅबच्या पुढचा आखूड भाग. तो अरुंद आहे की कॅबच्या रुंदीचा? रुंद असेल तर लगेच 'रिबिल्ट' म्हणू नका. १७७०० च्या पुढच्या काही इंजिनांना मूळ बांधणीतच रुंद शॉर्ट हूड होता. ड्रायव्हर मंडळी त्यांना 'जंबो' म्हणायची. आजोबांच्या तोंडी हा शब्द घरात कुणी ऐकला असेल तर विचारून घ्या, ती फार उपयोगाची खूण आहे. नंतर हेडलाइटचा आकार, खिडक्यांच्या चौकटी, हूडवरच्या जाळ्यांची जागा, छतावर काय काय बसवलं आहे ते. दोन्ही फोटो एकाच बाजूचे असतील तर शेजारी ठेवून फ्रेमच्या कडेची रेघ बघा: पायऱ्यांच्या जागा, जॅक लावायच्या जागा, डिझेल टाकीचे टोकाचे जोड. हूड नवा येतो, पण ही खालची रेघ बरीचशी जुनीच असते.

याच खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात छोट्या अक्षरांत पीओएचचा महिना, वर्ष आणि कारखान्याचं नाव लिहिलेलं असतं. २००९ मध्ये तुम्ही जवळून फोटो काढला असेल तर तो मोठा करून ही अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. वर्गाच्या मोठ्या अक्षरांपेक्षा माझा भरवसा या बारीक अक्षरांवर जास्त. ती कारखान्यातून निघताना लिहिलेली असतात आणि शेडचा पेंटर सहसा त्यांना हात लावत नाही.

धातूच्या पट्ट्या, ज्यांना आपण बिल्डर प्लेट म्हणतो, त्या वाचताना संस्थेचं नाव नीट बघा. पतियाळाचा कारखाना १९८१ मध्ये डिझेल कंपोनंट वर्क्स म्हणून स्थापन झाला, २००३ मध्ये त्याचं डिझेल लोको मॉडर्नायझेशन वर्क्स झालं आणि २०२२ मध्ये पतियाळा लोकोमोटिव्ह वर्क्स. प्लेटवर डीसीडब्ल्यू असेल तर काम २००३ च्या नामांतराआधीचं, डीएमडब्ल्यू असेल तर नंतरचं. वर्षाचा आकडा झिजून गेला असला तरी एवढं पक्कं सांगता येतं. वाराणसीच्या कारखान्याचंही २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं, पण ते तुमच्या इंजिनाच्या जन्मानंतर खूप उशिरा.

प्लेट मात्र फक्त अंडरफ्रेमवरची किंवा कॅबच्या बाजूची धरा. ट्रॅक्शन मोटरची, टर्बोची, गव्हर्नरची, ब्लॉकची प्लेट इंजिनाचा इतिहास सांगत नाही. शेडमध्ये युनिट एक्स्चेंज चालतं. मोटर बिघडली की तिची दुरुस्ती होईपर्यंत इंजिन अडवून ठेवत नाहीत. तयार ठेवलेली दुसरी बसवतात आणि इंजिन गाडीला पाठवतात. काढलेली मोटर दुरुस्त होऊन तिसऱ्याच इंजिनाखाली जाते. पिटमध्ये उतरून मी एकाच इंजिनाच्या सहा मोटरवर वेगवेगळ्या वर्षांच्या पट्ट्या पाहिल्या आहेत, आणि त्यात वावगं काहीच नाही. एखादा भंगारवाला 'हा १७ हजारीचा टर्बो' म्हणून काही विकायला लागला तर तो टर्बो खरा असेल, पण आजोबांच्या इंजिनाशी त्याचं नातं कुणीही सिद्ध करू शकणार नाही. पैसे घालवू नका.

शेडचं नाव हाही असाच निसटता पुरावा. भुसावळचं मोठं शेड इलेक्ट्रिक इंजिनांचं. मेन लाइनवर तारा फार आधी आल्या. म्हणून खान्देशात दिसणारी मोठी डिझेल इंजिनं बाहेरच्या शेडची पाहुणी असायची. ताप्ती लाइन पश्चिम रेल्वेची, म्हणून तिथं रतलाम आणि वटवा. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव बाजूला कल्याण, पुणे, इटारसी. जळगावला तर दोन्हीकडची भेटायची. उधना-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण होईपर्यंत त्या मार्गावर डिझेलचंच राज्य होतं. इंजिनावर लिहिलेलं 'व्हीटीए' किंवा 'आरटीएम' ही त्या दिवसाची मालकी. रिबिल्ट होऊन आलेलं इंजिन पुष्कळदा जुन्या शेडला परत न जाता दुसऱ्याच शेडला दिलं जायचं. १९८६ चं शेड आणि २००९ चं शेड वेगळं निघालं तर गोंधळू नका, दोन्ही लिहून ठेवा. कागद मागताना ती दोन्ही नावं लागणार आहेत.

कागदांत पहिला नंबर घरच्या कागदाचा. जुने ड्रायव्हर माईलेजच्या हिशोबासाठी खिशात छोटी डायरी ठेवायचे: तारीख, गाडी, इंजिन नंबर, कुठून कुठं, सुटायची आणि पोचायची वेळ. पगारात किलोमीटर कमी धरले तर भांडायला तीच उपयोगी पडायची. आजोबांची अशी एखादी जरी डायरी सापडली तरी त्या नंबराच्या सगळ्या तारखा वेगळ्या उतरवा. मधेच सलग मोठी पोकळी दिसली तर ती पीओएचची असू शकते. पण इंजिन दुसऱ्या लिंकला, म्हणजे दुसऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांना, गेलेलंही असू शकतं, म्हणून नुसत्या पोकळीवरून तारीख ठोकू नका.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. रेल्वेसाठी अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'या इंजिनाचा संपूर्ण इतिहास द्या' असं लिहिलंत तर 'माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येणार, आणि ते कायद्याला धरूनच असेल, कारण नवी माहिती तयार करून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. जे कागद असतातच त्यांची नावं घेऊन मागा: इंजिनाचं हिस्ट्री बुक किंवा हिस्ट्री कार्ड, सेवेत दाखल झाल्याची तारीख, पीओएचच्या तारखा आणि कारखाने, रिबिल्डिंगला पाठवल्याची आणि परत आल्याची तारीख, एका शेडकडून दुसऱ्याकडे बदली झाल्याची पत्रं, आणि कंडेम केल्याचा, म्हणजे सेवेतून बाद केल्याचा, आदेश. नंबर दोन्ही रीतींनी लिहा, आरसह आणि आरशिवाय. वर्गही दोन्ही लिहा, २ आणि ३ए. अर्ज तीन ठिकाणी वेगवेगळा करा: १९८६ चं शेड ज्या विभागात येतं तिथं, २००९ चं शेड ज्या विभागात येतं तिथं, आणि पतियाळाच्या कारखान्याकडे. यातला पतियाळाचा अर्ज मला सर्वांत आशेचा वाटतो. शेडमधली जुनी पुस्तकं वाळवीनं, पावसानं, जागेअभावी जातात, पण कारखान्याची कामाची नोंद वर्षवार असते.

आता ते कुठं असेल? इथं मी खोटी आशा लावणार नाही. १७ हजारी इंजिनाची ३६ वर्षं केव्हाच भरली. त्यातच देशभर तारा पसरल्या आणि चालू स्थितीतली अल्को इंजिनंसुद्धा शेडमध्ये उभी राहिली. बहुतेक कंडेम होऊन ई-लिलावात भंगार म्हणून गेली. लिलावाच्या यादीत पुष्कळदा इंजिनाचा नंबर दिलेला असतो, म्हणून रेल्वेच्या लिलावाच्या जुन्या याद्या तुम्हाला शेवटची तारीख देऊ शकतात. थोडी इंजिनं शंटिंगला उरली, काही रेल्वेबाहेरच्या सायडिंगना गेली, काही स्टेशनांबाहेर आणि प्रशिक्षण केंद्रांत चबुतऱ्यावर आहेत. जुलै २०२० मध्ये १० इंजिनं बांगलादेशाला दिली ती मात्र डब्ल्यूडीएम-३डी जातीची. त्यांच्यात आपलं शोधू नका.

डब्ल्यूडीजी-३ए बद्दलही एक सांगतो, कारण ताप्ती लाइनवर २००९ च्या सुमारास मालगाड्यांवर तीही बरीच होती आणि पुढं तुम्ही त्यांचाही माग काढाल. नंबर १३ आणि १४ हजारांच्या मालिकांत, वजन १२३ टन, गिअरचं प्रमाण ७४:१८. डब्ल्यूडीएम-२ चं ६५:१८, म्हणजे डब्ल्यूडीजी-३ए वेगाला कमी पण ओढायला जबर. यातल्या दोन इंजिनांचं वाराणसीत २०१८ मध्ये डिझेल काढून १० हजार हॉर्सपॉवरचं जोड इलेक्ट्रिक इंजिन केलं, डब्ल्यूएजीसी-३. १९ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. पतियाळाच्या रिबिल्टमध्ये नंबर जुनाच राहतो, वाराणसीच्या या रूपांतरात वर्गच इलेक्ट्रिकचा झाला. फ्रेमचा माग काढणाऱ्याला अशा इंजिनाचं पान डिझेलच्या वहीत बंद करून इलेक्ट्रिकच्या वहीत उघडावं लागतं. तुमच्या १७ हजारीच्या बाबतीत ही अडचण येणार नाही.

पतियाळाचा अर्ज आजच टाका. उत्तर आलं की त्यावरची रिबिल्डिंगची तारीख आणि दोन्ही फोटो मला पाठवा. १९८६ चा फोटो स्कॅन करताना बफरचा भाग जास्त रेझोल्यूशनवर घ्या आणि मागं पेन्सिलीनं काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू पाठवा.